बाहेर ठेवलेल्यांचं आडनाव

रात्री अकरा वाजता मोबाइलवरून मार्गारिटा पिझ्झा मागवताना आपण त्यामागच्या माणसाचं आडनाव शोधायला जात नाही. पण या पिझ्झ्याच्या जन्मकथेत एक आडनाव आहे. १८८९ साली इटलीची राणी मार्गेरिता नेपल्समध्ये मुक्कामाला होती. राफाएले एस्पोसितो नावाच्या पिझ्झावाल्याने तिच्यासाठी पिझ्झे केले, त्यातला टोमॅटो-मोझरेला-बेझिलचा तिला आवडला आणि त्याला तिचं नाव मिळालं, अशी ती गोष्ट. राजवाड्याकडून आलेलं म्हणून दाखवतात ते आभारपत्र खरं की नंतर कुणी तयार केलेलं, यावर इतिहासाच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. तो वाद त्यांनी खुशाल चालवावा. मला या गोष्टीत राणीपेक्षा पिझ्झावाल्याच्या नावात जास्त रस आहे. कारण एस्पोसितो या शब्दाचा अर्थ आहे 'बाहेर ठेवलेला'. त्याच्या वाडवडिलांपैकी कुणाला तरी, बहुधा जन्मल्यानंतर काही तासांतच, कुणीतरी कुठेतरी ठेवून निघून गेलं होतं.

हे आडनाव तुमच्या डोळ्यांखालून आधीही गेलं असेल. 'ब्रेकिंग बॅड'मधला तो शांत, नीटनेटका, तळलेली कोंबडी विकणारा गस फ्रिंग आठवतो? ते काम करणारा नट जियानकार्लो एस्पोसितो. त्याचे वडील नेपल्सचे. नेपल्समध्ये हे आडनाव आपल्याकडच्या पाटील-जाधवांइतकं सर्रास आहे आणि सबंध इटलीतल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या दहा आडनावांत त्याचा नंबर लागतो.

इटालियन आडनावं बहुतेक आपल्यासारखीच पडलेली आहेत. फेरारी म्हणजे लोहार, म्हणजे आपले लोहारच. रोमानो म्हणजे रोमकर. रोस्सी म्हणजे तांबड्या केसांचे किंवा लाल चेहऱ्याचे. धंदा, गाव, रूप, बापाचं नाव, यातलं काहीतरी. एस्पोसितो यात कुठेच बसत नाही. त्या माणसाचा धंदा काय, गाव कुठलं, बाप कोण, यातलं काहीही माहीत नव्हतं म्हणून ते आडनाव पडलं.

शब्द लॅटिनमधला आहे. 'एक्स' म्हणजे बाहेर, 'पोनेरे' म्हणजे ठेवणं. 'एक्सपोनेरे' म्हणजे बाहेर ठेवणं, उघड्यावर मांडणं. त्याचं भूतकाळी रूप 'एक्सपोझितुस', म्हणजे बाहेर ठेवलेला. कॅमेऱ्यातलं 'एक्स्पोजर' आणि प्रदर्शनांचे 'एक्स्पो' याच धातूतून आले. प्राचीन रोममध्ये नको असलेलं मूल उघड्यावर सोडून देण्याची चाल होती आणि त्यालाही हाच शब्द होता. आता गंमत अशी, की हा शब्द बोलणाऱ्यांच्या तोंडून घासत घासत इटालियनमध्ये आला तेव्हा त्याचा 'एस्पोस्तो' झाला. मधली 'इ' गळून गेली. आजही इटालियनमध्ये 'मांडलेलं' या अर्थी एस्पोस्तो हाच शब्द वापरतात. मग आडनावात ती 'इ' कशी टिकली? कारण हे नाव गल्लीतल्या लोकांनी ठेवलेलं नाही. ते वहीत लॅटिन वळणाने लिहिणाऱ्या कारकुनाने ठेवलं. लॅटिनचा 'एक्स' इटालियन सवयीने 'स' झाला, शेवटचा 'उस' जाऊन 'ओ' आला, पण मधलं अक्षर कचेरीच्या भाषेतलं तसंच राहिलं. टोपणनाव असतं तर एस्पोस्तो झालं असतं (तसंही आडनाव आहे, पण त्या मानाने विरळा). हे नोंदीतलं नाव आहे, आणि ते त्याच्या स्पेलिंगवरूनच कळतं.

ती वही होती नेपल्सच्या 'सांता कासा देल अनुन्त्सियाता' या धर्मादाय संस्थेत. देवदूताने येऊन जिला निरोप दिला ती मेरी म्हणजे अनुन्त्सियाता. चौदाव्या शतकापासूनची ही संस्था: चर्च, दवाखाना, अनाथालय, एवढंच काय, एके काळी तिची स्वतःची बँकही होती. ती १७०२ साली बुडाली. फोर्चेला नावाच्या गजबजलेल्या वस्तीत ही इमारत आजही उभी आहे आणि तिच्या भिंतीत 'रुओता' आहे.

रुओता म्हणजे चाक. प्रत्यक्षात ते भिंतीत बसवलेलं, उभ्या कण्याभोवती फिरणारं लाकडी पिंप असतं, एका बाजूने उघडं. रस्त्यावरून मूल त्यात ठेवायचं, पिंप फिरवायचं, मूल भिंतीच्या आत जातं. घंटा वाजते. आतली बाई मूल उचलते. बाहेरचा माणूस आतल्याला दिसत नाही, आतला बाहेरच्याला दिसत नाही. सगळी रचना एवढ्यासाठीच. आईचं तोंड कुणाला दिसू नये आणि तरी मूल नदीत किंवा उकिरड्यावर जाऊ नये. रोमची अशी दंतकथा आहे, की बाराव्या शतकाच्या अखेरीस टायबर नदीवरच्या कोळ्यांच्या जाळ्यांत मासळीबरोबर तान्ह्या मुलांची प्रेतं येऊ लागली आणि ते ऐकून पोप तिसऱ्या इनोसंटने सांतो स्पिरितोचं इस्पितळ काढलं. त्या इस्पितळाच्या भिंतींवर ही कथा चितारलेली आहे. दंतकथा म्हणून सोडून दिली तरी भीती कशाची होती ते तिच्यातून कळतं.

आत आलेल्या मुलाचं पुढे काय व्हायचं? आधी नोंद. किती वाजता आलं, मुलगा की मुलगी, अंदाजे वय, अंगावर कपडे कसले, चिंधी की रेशीम, गळ्यात काही आहे का, चिठ्ठी आहे का, बाप्तिस्मा झालाय असं कुणी लिहिलंय का. नेपल्समध्ये अशा नोंदींच्या १६२३ पासूनच्या वह्या टिकून आहेत. मग बाप्तिस्मा, मग नाव, आणि नावापुढे एस्पोसितो. गळ्यात शिशाची एक खूण अडकवत, म्हणजे हे मूल संस्थेचं हे ओळखता यावं. लोक या मुलांना 'मादोन्नाची लेकरं' म्हणत. बोलण्यात मेरीची लेकरं, कागदावर बाहेर ठेवलेली. नेपल्सने दोन्ही नावं एकाच वेळी वापरली आणि त्यात तिथल्या कुणाला काही विसंगत वाटलेलं दिसत नाही.

त्यातली बरीच मुलं नाव वागवण्याइतकी जगलीच नाहीत. दूध पाजायला बायका पुरेशा नसत, एका दाईच्या वाट्याला दोन-तीन पोरं येत. एकोणिसाव्या शतकात अनुन्त्सियातामध्ये वर्षाला दोन हजारांच्या आसपास मुलं येत होती. जगली-वाचली ती खेड्यापाड्यांतल्या दूधआयांकडे पाठवली जात आणि संस्था त्यांना पैसे देई. काही तिथेच त्या घराची होऊन जात. युरोपातल्या अशा अनाथालयांत पहिल्या वर्षभरातच निम्मी किंवा त्याहून अधिक मुलं दगावणं ही अपवादाची गोष्ट नव्हती. म्हणजे आज ज्याचं आडनाव एस्पोसितो आहे त्याचा तो पहिला पूर्वज चिवट असला पाहिजे. आणि तो पुरुष असला पाहिजे. चाकात मुलीही तितक्याच ठेवल्या जात. पण आडनाव बापाकडून चालत असल्यामुळे ज्या मुली एस्पोसितो म्हणून वाढल्या, त्यांचं लग्न झालं की त्यांच्या लेकरांना ते नाव मिळालं नाही. आज फोनच्या यादीत दिसणारे सगळे एस्पोसितो म्हणजे जगलेल्या मुलग्यांचा हिशेब आहे. मुलींची बाजू त्यात नाही.

नेपल्सने 'ठेवलेला' म्हटलं, रोमने त्याहून कठोर शब्द निवडला: 'प्रोयेत्ती', म्हणजे फेकलेले. हेही आज चांगलं रुळलेलं आडनाव आहे, जिजी प्रोयेत्ती हा रोमचा फार लाडका नट होता. बोलोन्यामध्ये संस्थेला लोक सरळ 'बास्तार्दिनी' म्हणत, त्याचा अर्थ सांगायला नको, पण आडनाव मात्र 'देल्यी एस्पोस्ती' असं द्यायचे, म्हणजे 'ठेवलेल्यांपैकी'. सिसिलीत 'त्रोवातो', म्हणजे सापडलेला. मला हा शब्द सगळ्यांत सुज्ञ वाटतो, कारण तो सोडून जाणाऱ्याच्या बाजूने न बोलता उचलून घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो. फ्लोरेन्सने तर या मुलांसाठी ब्रुनेलेस्कीकडून इमारत बांधून घेतली. १४१९ साली काम सुरू झालं आणि संस्थेचं नाव 'इनोचेंती', म्हणजे निष्पाप. पहिलं मूल आलं ५ फेब्रुवारी १४४५ रोजी. मुलगी होती. तो संत आगाताचा दिवस, म्हणून तिचं नाव आगाता ठेवलं, आगाता स्मेराल्दा. इमारतीच्या दर्शनी कमानींमध्ये निळ्या गोलांत बाळोत्यात गुंडाळलेली पांढरी बाळं आहेत, आंद्रेआ देल्ला रोब्बियाने केलेली. तिथून आलेलं आडनाव इनोचेंती.

मिलानमध्ये 'कोलोंबो', म्हणजे पारवा. तिथल्या मोठ्या इस्पितळाच्या चिन्हात कबूतर होतं, त्यावरून. (अमेरिकेला गेलेला कोलंबस जिनोआचा, त्याच्या घराण्यात हे आडनाव आधीपासून होतं, त्याला यात ओढू नये.) मिलानची गोष्ट मला थोडी थांबून सांगावीशी वाटते, कारण चाकात फक्त लग्नाबाहेरची मुलं जायची हा आपला समज तिथे मोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिलानच्या चाकात येणाऱ्या मुलांत लग्न झालेल्या जोडप्यांची मुलं मोठ्या संख्येने होती. बायको कामावर, भाड्याची खोली, अंगावर पिणारं एक आधीच घरात, दुसरं परवडत नाही. मग वर्ष-दोन वर्षं इस्पितळाने सांभाळावं, पुढे घेऊन जाऊ. आणि खरोखरच अनेक जण परत येऊन मूल घेऊन जात. अमेरिकन इतिहासकार डेव्हिड कर्त्झर यांनी इटलीतल्या या सगळ्या व्यवस्थेवर पुस्तक लिहिलंय. त्यात अविवाहित बायकांवर चर्च, पोलीस, सुईणी आणि गावकरी मिळून कसा दबाव आणत हे वाचताना अंगावर काटा येतो. म्हणजे एकाच चाकात दोन वेगळ्या प्रकारची मुलं येत होती, सक्तीने हिरावलेली आणि गरजेपोटी तात्पुरती ठेवलेली. आडनावात मात्र फरक नव्हता.

ओळख पटावी म्हणून आया मुलाबरोबर काहीतरी ठेवून जात. अर्धं कापलेलं नाणं, अर्धं पदक, तिरकस फाडलेला पत्त्यांतला एक पत्ता, एक फीत. दुसरा अर्धा भाग स्वतःकडे. परत आलं की दोन तुकडे जुळवून बघायचे.

आडनावाकडे परत येऊ. एस्पोसितो हे आडनाव देणं नेपल्समध्ये थांबलं ते झोआकिम म्युराच्या काळात. हा नेपोलियनचा मेहुणा आणि घोडदळाचा सेनापती, १८०८ ते १८१५ नेपल्सचा राजा होता. फ्रेंचांनी दक्षिण इटलीत १८०९ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू केली. तोवर ही कामं चर्चच्या वह्यांत होत. आता सरकारी रजिस्टर आलं, रकाने आले, आणि प्रत्येकाला एक ठरलेलं आडनाव हवं झालं. (ॲपमध्ये 'लास्ट नेम' रिकामं ठेवून पुढे जाता येत नाही, तसंच.) आडनावावरून माणसाचा जन्म ओळखला जाऊ नये म्हणून म्युराच्या राजवटीत ते नव्या मुलांना द्यायचं बंद झालं. हेतू चांगलाच होता. पण मग कारकुनांना रोज नवी आडनावं शोधावी लागली. महिन्याचं नाव, त्या दिवशीच्या संताचं नाव, फळाफुलांची नावं, जे सुचेल ते. दक्षिणेच्या जुन्या रजिस्टरांत अशी घडवलेली आडनावं भरपूर सापडतात. ती लपून गेली. एस्पोसितो लपलं नाही, कारण तोवर दोन शतकांतल्या मुलांची मुलं, नातवंडं, पणतवंडं गल्ल्यागल्ल्यांत पसरली होती. त्यांच्यातलं कुणी चाकातून आलेलं नव्हतं. त्यांना आईबाप होते, आजोबा होते, दुकानं होती.

शेजारच्या स्पेनमध्ये हाच शब्द 'एक्सपोसितो' म्हणून चालत होता. नेपल्सवर दोन शतकं स्पेनची सत्ता होती, त्यामुळे दोन्हीकडे एकसारखी पद्धत दिसते यात नवल नाही. तिथे राजा चौथ्या कार्लोसने १७९४ साली फर्मान काढलं, की या मुलांना कायद्याने औरस समजावं आणि त्यांना जन्मावरून शिवी देणाऱ्याला शिक्षा व्हावी. शिवीवर फर्मान काढावं लागतं, म्हणजे शिव्या किती पडत असतील. रोममध्ये तर एका जुन्या शिवीची व्युत्पत्तीच लोक या वह्यांतून सांगतात. आई अज्ञात असली की कारकून लॅटिनमध्ये 'मात्रिस इग्नोते' लिहिणार, ते थोडक्यात 'म. इग्नोते', आणि ते एका दमात वाचलं की 'मिन्योत्ता', म्हणजे वेश्या. ऐकायला झकास, पण भाषाशास्त्रज्ञ हा शब्द फ्रेंचमधल्या 'मिन्योत'वरून आला असं सांगतात. तरी लोकांना पहिली व्युत्पत्तीच आवडते. वहीतल्या एका संक्षेपाने माणसाला जन्मभराची शिवी चिकटू शकते, हे त्यांना पटतं म्हणून आवडत असावी.

मग लाखो इटालियन जहाजांत बसून गेले आणि आडनावाने रूपं बदलली. स्पॅनिशमध्ये शेवटून तिसऱ्या अवयवावर आघात असला की तो खुणेने दाखवावा लागतो, म्हणून बुएनोस आइरेसला पोचलेल्या एस्पोसितोच्या 'पो'वर एक तिरकी रेघ आली. न्यूयॉर्कला पोचलेल्याचं स्पेलिंग तसंच राहिलं, पण आघात पुढे सरकला. अमेरिकन लोक 'एस्पझीटो' म्हणतात, 'झी'वर जोर देऊन. कुठे सुरुवातीचा 'ए' गळून 'स्पोसितो' झालं. हे बहुतेक इटलीतच बोलण्याच्या ओघात झालेलं आहे. एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी आल्या आल्या लोकांची नावं बदलली ही अमेरिकेतली लाडकी कथा खरी नाही, ते अधिकारी जहाज निघतानाच्या याद्यांवरून नावं ताडून बघत. राहता राहिला देवनागरीचा प्रश्न. प्रमाण इटालियन उच्चार 'एस्पोझितो' आहे, पण दोन स्वरांमधला 'स' दक्षिणेत 'स'च राहतो, म्हणून खुद्द नेपल्स म्हणतं 'एस्पोसितो'. नाव त्यांचं, म्हणून मी त्यांच्यासारखं लिहितोय.

चाकं पुढे बंद झाली. फेरारा शहराने १८६७ साली सुरुवात केली, मिलानचं चाक १८६८ साली बंद झालं, नेपल्सचं आणि फ्लोरेन्सची ती जाळीची खिडकी १८७५ साली, आणि सबंध देशातून ती १९२३ साली रद्द झाली. कागदांवरचा डाग मात्र रेंगाळला. बाप माहीत नसलेल्याच्या दाखल्यावर 'एन. एन.' लिहीत, 'नाव माहीत नाही'चा लॅटिन संक्षेप. शाळेत, सैन्यात, नोकरीच्या अर्जावर, सगळीकडे ती दोन अक्षरं. १९५५ च्या कायद्याने दाखल्यांवरची आईबापांची नावंच काढून टाकली आणि ती दोन अक्षरंही गेली. आजचा इटालियन नियम असा आहे, की आडनाव हास्यास्पद असेल, लाजिरवाणं असेल किंवा त्यातून जन्माची हकिगत उघड होत असेल तर ते बदलून मागता येतं. एस्पोसितो यातल्या तिसऱ्या अटीत पुस्तकातल्या उदाहरणासारखं बसतं. तरीही एस्पोसितो पहिल्या दहांत आहेतच. डॉक्टर एस्पोसितो, मंत्री एस्पोसितो, पिझ्झेरिया एस्पोसितो. कुणाला त्यात चाक ऐकू येत नाही.

प्रश्न संपलेला नाही, तो दुसऱ्या कागदावर गेला आहे. इटलीत आईला आजही स्वतःचं नाव न देता दवाखान्यात बाळंत होता येतं. दाखल्यावर लिहितात, 'नाव देण्यास संमती नसलेल्या स्त्रीच्या पोटी जन्म'. अशा मुलाने मोठेपणी आपली आई कोण हे विचारलं तर सांगायचं का? कायदा म्हणायचा, शंभर वर्षं थांबा. १९४३ साली जन्मलेली एक बाई हा प्रश्न घेऊन युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली आणि २०१२ साली जिंकली. पुढच्याच वर्षी इटलीच्या घटना न्यायालयाने मान्य केलं, की निदान त्या आईला गुपचूप गाठून 'अजूनही नाव सांगायचं नाही का' एवढं विचारण्याची सोय हवी. आई नाही म्हणाली तर नाही. आणि २०२२ साली त्याच न्यायालयाने मुलाला आपोआप बापाचंच आडनाव लागण्याचा नियम रद्द केला. म्हणजे यापुढे एखाद्या एस्पोसितो मुलीचं आडनाव तिच्या लेकरांकडेही जाऊ शकतं. चाकातल्या मुलींच्या बाबतीत हे चारशे वर्षं उशिरा झालं.

फ्लोरेन्सला कधी गेलात आणि मोठ्या संग्रहालयांच्या रांगांनी कंटाळलात, तर इनोचेंतीच्या इमारतीत जा. आत एका खोलीत भिंतीभर छोटे छोटे खण आहेत, शंभराहून अधिक. प्रत्येकावर एका मुलाचं नाव. ओढून उघडता येतात. आत एक-एक वस्तू आहे, बरोबर मधोमध कापलेलं पदक, मण्यांची माळ, काचेचा तुकडा. हे सगळे इथे उरलेले अर्धे भाग आहेत, जे जुळवायला कुणी आलं नाही.